काटा कोणाचा, माप कोणाचं?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माझं अर्धंअधिक आयुष्य गेलं. माझे अब्बा भुसार विभागात तोलणार होते. मी बी. ए. झालो, कविता करू लागलो आणि पोटासाठी एका आडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहायला बसलो. कवितेनं चार माणसांत ओळख दिली, भाकरी मात्र गाळ्यानं दिली. अब्बांची एक सवय अजून आठवते. पोतं काट्यावर चढवण्याआधी ते रिकामा काटा दोनदा निरखून बघायचे. शेतकरी घाईत असला तरी थांबवायचे. म्हणायचे, ‘आधी काटा तपासू, मग माल तोलू. काटाच तिरपा असला तर माल काय बोलणार?’

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो मला या वाक्यापाशी सापडला. युरोपातून आलेल्या लोकांनी आपल्याकडच्या मुसलमानी राजवटी कशा पाहिल्या, त्यांच्याबद्दल काय लिहिलं आणि ते लिहिलेलं फिरत फिरत आपल्यापर्यंत कसं आलं, हा तो विषय. वरवर पाहता हा ग्रंथालयातला विषय वाटतो. माझ्याकडे तो टोमॅटोच्या क्रेटवर बसून आला.

जुन्नरकडचा एक तरुण शेतकरी नेहमी माल घेऊन येतो. पदवीधर आहे, चौकस आहे. एकदा हिशेबपट्टीची वाट बघत बसला होता. म्हणाला, ‘चाचा, एक विचारू? राग नका मानू. तुमचे ते सुलतान-बादशहा होते ना, ते म्हणे सगळी जमीन स्वतःचीच समजायचे. रयतेच्या नावावर काहीच नसायचं. खरं का हो?’

राग आला नाही. हसू आलं ते ‘तुमचे’ या शब्दाचं. शाळेत असल्यापासून हा शब्द माझ्यामागे आहे. ‘तुमचा अफझलखान’, ‘तुमचा औरंगजेब’. आमच्या घराण्यात कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, तर सुलतान आमचे कुठून व्हायचे? पण पोराच्या प्रश्नात खोट नव्हती. आणि ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ते जुन्नरचं नाही, विजापूरचंही नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी ते एका फ्रेंच माणसानं लिहिलं आणि लिहिलं तेही पॅरिसच्या वाचकांसाठी.

थोडं मागे जाऊ. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यात जगाच्या दोनच गोण्या होत्या. एक ख्रिस्ती लोकांची आणि दुसरी ‘मूर’ लोकांची. मूर म्हणजे मोरोक्कोकडचे, स्पेन-पोर्तुगालवर राज्य केलेले मुसलमान. कालिकतचे लोक मूर दिसेनात, म्हणजे ते ख्रिस्ती असणार, असा त्यानं हिशेब केला. तिथलं एक देऊळ त्या मंडळींना चर्च वाटलं आणि तिथं त्यांनी प्रार्थनाही केली. आपण हसतो, पण काटा आधीच लावून आलेल्या माणसाचं असंच होतं.

हा काटा भीतीनं तयार झाला होता. १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. १५२९ मध्ये त्यांचं सैन्य व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत गेलं. तेव्हाच्या युरोपात मुसलमान म्हणजे तुर्क आणि तुर्क म्हणजे संकट, असं समीकरण होतं. तेच समीकरण जहाजात बसून आपल्या किनाऱ्याला लागलं. १५१० मध्ये आफोन्सो द अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतला, तेव्हा शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली आणि ती हकीकत आपल्या राजाला पत्रानं कळवली. याच आफोन्सोच्या नावाची आठवण म्हणून आपण आंब्याला हापूस म्हणतो, असं सांगतात. नावं कशी प्रवास करतात बघा.

पण सगळेच फिरंगी एकाच काट्यानं तोलत होते, असं नाही. माझा आवडता माणूस आहे गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य. १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचं वैद्य म्हणून जाणं-येणं होतं, स्नेह होता. निजामशहाच्या दरबारातल्या हकिमांशी तो औषधांवर चर्चा करायचा. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा ग्रंथ छापला गेला. हिंग, हळद, वेलदोडा, चिंच, मिरी, अफू, आंबा यांवरचे संवाद त्यात आहेत. मार्केट यार्डाच्या भुसार आणि फळ विभागाचा पहिला छापील कॅटलॉगच म्हणा ना! मुंबई बेटही काही वर्षं याच ओर्ताकडे पट्ट्यानं होतं आणि तिथल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचं कौतुक त्यानं लिहून ठेवलं आहे.

माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी. पोर्तुगीज कारकून आदिलखानाला ‘हिदालकांव’ आणि निजामुल्मुल्कला ‘निजामालुको’ लिहायचे. ही नावं मुळात काय आहेत, त्यांचा अर्थ काय, हे ओर्तानं आपल्या वाचकांना नीट उलगडून सांगितलं. समोरच्याचं नाव नीट समजून घेणं ही माणुसकीची पहिली पायरी असते. त्याला हे जमलं, कारण तो निजामशहाच्या माणसांत वावरला होता, त्यांच्या नाडीवर त्यानं बोट ठेवलं होतं.

ओर्ताच्या गोष्टीचा शेवट मात्र कडू आहे. त्याचं घराणं मूळचं ज्यू, बळानं ख्रिस्ती झालेलं. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय बसलं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. ज्याला नगरच्या सुलतानानं मानानं वागवलं, त्याला त्याच्याच राज्यानं मेल्यावरही सोडलं नाही. जुलमाला एकच धर्म असतो असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरा माणूस पीटर व्हान डेन ब्रुके, डच व्यापारी. १६१७ मध्ये सुरतेहून मच्छलीपट्टणला जाताना तो निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर याला भेटला. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस तोवर दख्खनचा सर्वांत मोठा सेनानी झाला होता. ब्रुकेनं त्याचा करारी चेहरा रोमन माणसासारखा असल्याचं लिहिलं, त्याच्या मुलखातल्या बंदोबस्ताचं कौतुक केलं, चोरांना आणि दारुड्यांना होणाऱ्या कडक शिक्षांची नोंद केली. कौतुक करायचं तर तुलना मात्र रोमचीच! तरीही त्यानं पाहिलं ते लिहिलं. त्याच सुमारास जहांगीर बादशहानं अंबरच्या तुटलेल्या मुंडक्याला आपण बाण मारतो आहोत, असं चित्र काढवून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. एक मुसलमान बादशहा, एक मुसलमान सेनानी आणि अंबरच्या बाजूनं भातवडीच्या लढाईत १६२४ मध्ये लढणारे शहाजीराजे आणि शरीफजी हे भाऊ. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून ठेवलेली ही दोन नावं. यातली ‘मुसलमानी सत्ता’ नेमकी कुठली, हे दोन गोण्यांच्या हिशेबात कसं बसवणार?

आता त्या वाक्याकडे येतो. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या पहिल्या दशकात मोगल दरबारात होता. दानिशमंद खान या विद्वान अमिराच्या पदरी होता आणि त्याच्यासाठी युरोपातलं नवं तत्त्वज्ञान फारसीत करून देत होता. माणूस बुद्धिमान, निरीक्षण बारीक. मायदेशी परतल्यावर १६७०-७१ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याला उद्देशून एक लांबलचक पत्र आहे. त्याचं सार असं की, मोगलांच्या मुलखात सगळी जमीन बादशहाची. शेत आपलं नाही म्हणून शेतकरी कसत नाही, जहागीर आज आहे उद्या नाही म्हणून जहागीरदार राखत नाही आणि त्यामुळे मुलूख उजाड होतो.

बर्निएला यातून कोणाला धडा द्यायचा होता? औरंगजेबाला नव्हे. त्याच्यासमोर फ्रान्सचा चौदावा लुई होता. सगळ्या जमिनीवर राजाची मालकी सांगण्याचा मोह तुम्ही धरू नका, नाहीतर तुमचंही असंच होईल, हे त्याला सांगायचं होतं. म्हणजे हिंदुस्थान त्यासाठी दृष्टान्त झाला. दृष्टान्तात बारकावे मावत नाहीत. तिकडे लंडनमध्ये ड्रायडन नावाच्या कवीनं बर्निएच्या आधारानं औरंगजेबावर १६७५ मध्ये नाटक रंगमंचावर आणलं. औरंगजेब तेव्हा जिवंत होता आणि पुढे बत्तीस वर्षं जगला. १७४८ मध्ये माँतेस्क्यू या विचारवंतानं पूर्वेकडची राज्यं म्हणजे निव्वळ मर्जीचा कारभार, अशी व्याख्या पक्की केली. १८५३ मध्ये कार्ल मार्क्सनं आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात बर्निएचाच हवाला देऊन, जमिनीची खासगी मालकी नसणं हेच पूर्वेचं मर्म, असं म्हटलं. राजाचा मंत्री, नाटककार, तत्त्ववेत्ता आणि क्रांतिकारक, सगळ्यांनी तोच काटा वापरला. रिकामा काटा कोणी तपासला नाही.

तपासायचा तर कुठं? त्यासाठी लांब जायला नको. आपल्या गावगाड्यातच पुरावा आहे. निजामशाही-आदिलशाहीच्या काळात पुणे-जुन्नर भागात मिरासदार होते आणि उपरी होते. मिरास हा शब्दच मुळी अरबी, अर्थ वारसा. मिरासदार आपली जमीन मुलांना देई, गहाण ठेवी, विकी. दुष्काळात गाव सोडून गेला तरी परत आल्यावर हक्क सांगू शके. वाद झाला तर गोत जमे, महजर होई. महजर हाही अरबी शब्द, म्हणजे हजर असलेल्यांची सभा आणि तिचा लेखी निवाडा. त्या कागदावर काझीची मोहोर, पाटलाच्या निशाणीचा नांगर आणि बलुतेदारांच्या आपापल्या निशाण्या. या बलुत्यांत आमचा मुलाणीही असे. राजा मुसलमान, काझी मुसलमान, मजकूर मराठी, गोत गावचं आणि वाद एका कुणब्याच्या वावराचा. ‘सगळी जमीन राजाची’ असती तर एवढ्या लोकांना झोप मोडून जमायचं कारण काय होतं?

या कागदांची भाषा काय होती, हेही पाहावं. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले आणि ब्राह्मण कारकुनांकडे दिले, असं फिरिश्ता हा बखरकार सांगतो. दुसरा इब्राहिम तर सरस्वतीला वंदन करून फर्मान सुरू करायचा. आमच्या मार्केट यार्डात आजही हमाल, दलाल, वजन, हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल हे शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात. त्यातला एकही आम्ही परका म्हणून बाजूला काढत नाही. काढला तर व्यवहार बंद पडेल.

युरोपातही हा काटा तपासणारा एक माणूस निघाला. आंकेतिल द्युपेरों. तरुणपणी, १७५८ च्या सुमारास, गोव्याहून घाट चढून मराठी मुलखातून औरंगाबाद-वेरूळ करत तो सुरतेला गेला. पारशांचे धर्मग्रंथ शिकायला निघाला होता. वाटेतल्या मराठी माणसांच्या मोकळेपणानं तो भारावून गेला. पुढे १७७८ मध्ये त्यानं एक ग्रंथच लिहिला आणि त्यात दाखवून दिलं की, तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानात राजालाही कायद्याचं बंधन होतं, लोकांची मालमत्ता होती, खरेदी-विक्रीचे करार होते. त्यानं आणखी एक टोचणारी गोष्ट सांगितली. इथं कोणाचीच मालकी नव्हती असं एकदा ठरवलं, की नव्यानं जिंकणाऱ्याला सगळी जमीन आपली म्हणायला रान मोकळं! त्याचं फारसं कोणी ऐकलं नाही.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टननं या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात इथले पुष्कळ शेतकरी हे आपल्या जमिनीचे मालक आहेत, हे त्यानं मिरासदारांच्या आधारे नमूद केलं. म्हणजे बर्निएचं वाक्य याच पुण्यात, इंग्रज अधिकाऱ्याच्याच लेखणीनं खोटं ठरलं होतं. तरी दोन वर्षं आधी, १८१७ मध्ये, लंडनमध्ये जेम्स मिलचा हिंदुस्थानचा इतिहास निघाला होता. मिल कधी हिंदुस्थानात आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती आणि ते त्यानं प्रस्तावनेत गुणासारखं सांगितलं. त्यानं आपल्या इतिहासाचे भाग पाडले ते हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे. पहिल्या दोघांना धर्माचं नाव, तिसऱ्याला देशाचं. पुन्हा गोण्या आल्या. त्याच गोण्या शाळेच्या पुस्तकात गेल्या आणि तिथून माझ्या वर्गात ‘तुमचा’ आणि ‘आमचा’ होऊन उतरल्या. आणि द्युपेरोंनं वर्तवलेलंही खरं झालं. १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ मिळालं आणि पिढ्यान्‌पिढ्या इनाम खाणाऱ्यांना सनदा घेऊन उभं राहावं लागलं. ज्यांना पुरावा देता आला नाही, त्यांची इनामं गेली. त्यात देवस्थानंही आली आणि दर्गेही.

इथं थोडं थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर माझाही काटा तिरपा होईल. सुलतान संत नव्हते. सारा जबर होता, लढाया क्रूर होत्या, देवळं पडली, माणसं बाटली आणि गुलाम विकले गेले. आपलं पुणं १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेनं जाळून उद्ध्वस्त केलं, गाढवाचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते. ते करणारा सरदार मुरार जगदेव हा ब्राह्मण होता आणि पुणं होतं निजामशाही चाकरीतल्या शहाजीराजांची जहागीर. जुलूम खरा आहे. तो सांगितलाच पाहिजे. मात्र तो कोणी, कोणावर, कशासाठी केला, हे नावानिशी सांगावं. गोणीवर लेबल चिकटवून मोकळं होऊ नये.

आणि ज्यांना वाटतं की हा काटा फक्त मुसलमानांसाठी होता, त्यांनी इंग्रज वखारींचे कागद बघावेत. त्यांत शिवाजी महाराज ‘बंडखोर’ आणि ‘लुटारू’ आहेत. त्याच महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेत एका ख्रिस्ती पाद्र्याचं घर सांभाळून ठेवलं, ही नोंद बर्निएचीच. काटा एकच होता, माल बदलत होता. आपण मात्र गंमत अशी केली की, महाराजांच्या बाबतीत तो काटा फेकून दिला, योग्यच केलं, आणि शेजाऱ्याच्या बाबतीत जपून ठेवला. आपल्या लोकांनीही टोपीकरांना तोललं होतं, हे आपण विसरतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट बजावलं आहे की, हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्यामागे राजे आहेत आणि यांना जमिनीचा लोभ आहे. शंभर वर्षांत ते खरं ठरलं. अमात्यांनी धर्माची गोणी पाहिली नाही, वागणं पाहिलं.

त्या जुन्नरच्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. लिलावाच्या गलक्यात एवढं कोण ऐकणार? त्याला त्याच्याच गावाजवळची एक गोष्ट सांगितली. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्ये जुन्नरला गेला होता. तिथल्या मोगल सुभेदाराकडे जनान्यात नाडी बघायला त्याला बोलावलं. पडद्याआडून एक हात पुढे आला, तो परीक्षेसाठी एका धडधाकट बाईचा होता! ते ओळखल्यावर खऱ्या रोग्याचा हात आला. तेवढ्यात पडदा कोसळला. युरोपातल्या वाचकाला जनाना म्हटलं की अत्तर आणि आळस दिसायचा. फ्रायरला दिसले सोललेले आंबे, मुरंबा-लोणच्यासाठी मांडलेली फळं आणि बायकांचं शिवणकाम. याच फ्रायरनं मुसलमानांबद्दल इतरत्र सरसकट आणि कठोर लिहिलं आहे. पण पडदा पडला त्या क्षणी त्यानं जे पाहिलं, ते लिहून ठेवलं, हे त्याचे उपकार. मे महिन्यात जुन्नरच्या कुठल्याही घरात तेव्हा तेच चाललं असणार.

पोरगा खूप हसला. मग गप्प झाला आणि म्हणाला, ‘आमच्या घरात पण एक जुना कागद आहे, चाचा. आजोबा कापडात बांधून ठेवायचे. जमिनीचा आहे म्हणतात.’

दोन महिन्यांनी त्यानं मोबाइलवर फोटो आणला. वर एक गोल मोहोर, मधे मोडीचा दाट मजकूर, खाली पुसट झालेला नांगर. आम्ही दोघांनी तो फोटो मोठा करून, फिरवून पाहिला. मोहोरेवरची फारसी मला वाचता आली नाही, कारण मी फारसी शिकलेलो नाही. मजकुरातली मोडी त्याला आली नाही, कारण ती त्याला कोणी शिकवली नाही. त्याच्या जमिनीचा कागद, त्यावर माझ्या धर्माच्या काझीची मोहोर, आणि दोघंही अडाणी!

याच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी शिकून असे कागद लावले, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली. काटा तपासण्याचं काम त्यांनी आपल्यासाठी करून ठेवलं आहे. मार्केट यार्डातून सदाशिव पेठ काही लांब नाही. पुढच्या खेपेला गाडी रिकामी झाली की तो कागद घेऊन आम्ही दोघं मिळून तिकडे जाणार आहोत. कागदात काय निघेल, ठाऊक नाही. कदाचित सुलतानाचा न्याय निघेल, कदाचित अन्यायही. जे निघेल ते त्याचंही असेल आणि माझंही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)